धुऊन पाठवलेला नमुना

परळच्या डेपोत गावाकडची एसटी लागली, तेव्हा मी बराच वेळ आधीपासून उभी होते. कंडक्टरांनी सीटखालून बुटाचं खोकं काढून दिलं.

"लाडू का?"

मी हो म्हणाले. खरं सांगितलं असतं तर पुढच्या खेपेला त्यांनी खोकं घेतलंच नसतं.

खोक्यात लांडग्याची विष्ठा होती. निदान अण्णा, म्हणजे माझे वडील, तसं म्हणत होते.

मी कोरड्या माळरानांवरच्या लांडग्यांवर पीएच.डी. करते. विष्ठेतल्या डीएनएवरून ते जनावर लांडगा की कुत्रा, हे ओळखायचं आणि नकाशावर मांडायचं. त्या नकाशात आमच्या गावचा माळ कोरा होता. उन्हाळ्यात अण्णांची एक शेळी गेली. खडकांपाशी लांडगा त्यांनी डोळ्यांनी पाहिला, पण टपरीवर चेष्टाच झाली. "लांडगं कवाच संपलं, अण्णा. कुत्र्यांनी खाल्ली. चष्मा बदला." त्यावर अण्णा मला म्हणाले, "तुझ्याकडं मशीन हाय न्हवं? मग तूच सांग त्यास्नी." त्याच शेळ्यांच्या जिवावर मी शिकले, आणि त्यांनी मला आजवर मागितलं ते एवढंच.

घोडपदेवला मी ज्यांच्याकडे राहते त्या मालवणच्या मावशी दारातच होत्या.

"काय हाडलंस गो?"

"नमुना आहे, मावशी."

"फ्रीजात ठेवशीत तर बघ! थंय माझे बांगडे आसत."

खोकं उघडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेले तुकडे नको इतके स्वच्छ होते. लगेच फोन लावला.

"अण्णा, हे धुतलंय का?"

"मग? चांगलं खळखळून धुतलं, पत्र्यावर वाळवलं. कालिजात मोठ्या माणसांम्होरं जायाचं, घाण कशी धाडू?"

काठीनं उचला, कागदात ठेवा, सगळं मी सांगितलं होतं. धुऊ नका हेही सांगावं लागेल, असं मनातसुद्धा आलं नव्हतं. जनावराच्या आतड्याच्या पेशी विष्ठेच्या वरच्या थरालाच चिकटलेल्या असतात. आम्ही तोच थर खरवडून घेतो. तो बादलीत गेला होता. मी फक्त "बरं" म्हणाले.

तरीही नमुना तपासायला लावला. मग लॅबमध्ये बसवेना, वाचलेलं डोक्यात शिरेना. संध्याकाळी लालबागहून शिवाजी पार्कापर्यंत चालत जायचे आणि मैदानातल्या भटक्या कुत्र्यांचे कान, शेपट्या निरखत राहायचे. त्यांच्यातलाच कुणीतरी येऊन कबूल करणार होता जणू. रोज अण्णांचा फोन. "आलं का?" "नाही अजून." फोन ठेवला की पुन्हा चालायला लागायचे.

निकाल आला. खाणारा कोण, ते उमटलंच नव्हतं. आतल्या केसांमधून शेळी मात्र स्पष्ट आली होती. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "हा नमुना धरता येणार नाही. ती जागा कोरी ठेव आणि नकाशा छापायला पाठवून दे."

मी जिन्यात उभी राहून फोन केला.

"अण्णा, शेळी निघाली. कुणी खाल्ली ते नाही कळलं."

"शेळी मला ठावं हाय की गं!" ते हसले. मग हळूच विचारलं, "मी धुतलं म्हणून?"

नाही म्हणावंसं वाटत होतं. "हो," म्हणाले.

पलीकडे शेळ्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

"खडकाकडं आज ताजं पडलंय," ते म्हणाले. "तसंच धाडू? वास यील एसटीत."

"येऊ दे."

"कंडक्टर इचारंल की."

"लाडू आहेत म्हणून सांगितलंय मी."

"असल्या वासाचं?" ते एवढ्या जोरात हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

नकाशा मी अजून पाठवलेला नाही. गाडी उद्या संध्याकाळी परळला लागेल. आज दुपारपासूनच माझा पाय घरात ठरत नाही.