शशीताईंचं आभारप्रदर्शन

शशी बेंद्रे यांनी ब्रिस्टलच्या एका विमान कारखान्यात सव्वीस वर्षं वायरिंग तपासण्याचं काम केलं. काढलेला कुठलाही भाग तिथे फेकत नसत. त्याला चिठ्ठी बांधून, तारीख घालून जपून ठेवत. निवृत्तीनंतर त्या लंडनमध्ये एजवेअरला आल्या, तरी ही सवय काही सुटली नाही.

म्हणूनच सहा वर्षांपूर्वी त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला आणि तिथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी पुरुषोत्तम तो दुरुस्तीला घेऊन गेले, तेव्हा शशीताईंनी बजावलं होतं, "जुनी हार्ड डिस्क मला परत हवी."

"मेलेल्या डिस्कचं काय लोणचं घालणार, शशीताई?" पुरुषोत्तम हसले होते. "सगळं गेलं हो. काही वाचलं नाही."

पन्नास-साठ वर्षांपूर्वी या देशात आलेल्या चाळीस मराठी माणसांच्या मुलाखती त्या डिस्कवर होत्या. शशीताईंनी तीन वर्षं थंडीपावसात बस बदलत त्या घेतल्या होत्या. त्यातली निम्मी माणसं आता हयात नव्हती. चिठ्ठी बांधलेली डिस्क कपाटात गेली आणि शशीताई त्याविषयी बोलेनाशा झाल्या.

यंदा मे महिन्यात पुरुषोत्तमांचं पुस्तक छापून आलं, इथल्या जुन्या मराठी माणसांच्या मुलाखतींचं. सतराव्या पानावर मुरलीधर काका भेटले: पहिल्या हिवाळ्यात त्यांचं धोतर दोरीवरच गोठलं आणि फळीसारखं खांद्यावर टाकून घरात आणावं लागलं. काकांनी हे सांगितलं तेव्हा खोलीत शशीताईंशिवाय कोणी नव्हतं, आणि दोन महिन्यांत काका गेले. पुस्तकात शशीताईंचं नाव कुठेच नव्हतं.

वर पुरुषोत्तमांचा फोन. "प्रकाशनाला आभारप्रदर्शन तुम्हीच करा हं. मंडळात ज्येष्ठ तुम्हीच."

"करते की," शशीताई म्हणाल्या. फोन ठेवला आणि कपाट उघडलं.

शेजारच्या आसावरीबाई टॉर्च धरायला आल्या. "अगं, शॉक बसेल तुला!"

"प्लग काढलाय. आणि विमानांना भ्याले नाही, या डब्याला भिऊ?"

शशीताईंनी कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा उघडला. अंगातली वीज उतरावी म्हणून आधी डब्याच्या लोखंडाला हात लावला. नव्या डिस्कखालच्या रिकाम्या खणात जुनी डिस्क सरकवली आणि चार स्क्रू घट्ट आवळले. एक केबल मदरबोर्डला जोडली, दुसरी वीज पुरवणाऱ्या पेटीतून आली.

"आणि खरंच मेलेली असली तर?" आसावरीबाईंनी हळूच विचारलं.

शशीताईंनी प्लग लावून बटण दाबलं. डिस्क घुमू लागली. पडद्यावर एक नवं चिन्ह उमटलं. त्याच्या आत चाळीस फाइली होत्या, एकूण एक, तारखांसकट.

"मेलेली म्हणे!" आसावरीबाई म्हणाल्या. "आता त्याला फोन कर, चांगलं सुनाव."

"फोनवर एकटाच ऐकेल. मला हॉल भरलेला हवाय."

प्रकाशनाच्या दिवशी शशीताईंनी अख्खा कॉम्प्युटर भाजीच्या ट्रॉलीत घालून हॉलवर नेला. पुरुषोत्तमांचं भाषण लांबलं. "या मुलाखतींसाठी मी दारोदार फिरलो," असं ते तीनदा म्हणाले. शशीताईंनी तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

मग त्या माइकपाशी गेल्या. "आभार मानायचे ते ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांचे. त्यांनाच बोलू दे." त्यांनी स्पीकरची वायर जोडली.

हॉलभर मुरलीधर काकांचा घोगरा आवाज पसरला. "शशी, आधी चहा घे, गार होतोय. मग विचार काय ते. धोतराचं सांगू?"

पहिल्या रांगेत काकांच्या मुलीने तोंडावर हात ठेवला. मग ती सावकाश वळली आणि पुरुषोत्तमांकडे बघत राहिली. एकेक करून सगळा हॉल वळला.

पुरुषोत्तम घाईघाईने जवळ आले. "शशीताई, बंद करा ना. आपण बोलू. दुसऱ्या आवृत्तीत तुमचं नाव घालतो."

"बसा," माइक न झाकता शशीताई म्हणाल्या. "अजून एकोणचाळीस जणांचे आभार मानायचे आहेत."

आणि त्यांनी दुसरी फाइल लावली.