तीन का चार

स्टिअरिंगवर त्यांच्या उजव्या हाताचं बोट पडायचं. एक. दोन. तीन. मग ते बोट तसंच वर राहायचं, खाली यायचंच नाही. गाणं केव्हाच पुढे निघून गेलेलं असायचं आणि हे बोट आपलं हवेत.

"तीन का चार, ताई?" ते विचारायचे.

पहिल्यांदा मी म्हटलं, "काय तीन का चार? एक्झिट चुकवताय का काय माझी?" त्यावर ते ओशाळले आणि बोट खाली घेतलं. पुढे सहा वर्षं रोज हाच प्रश्न ऐकेन, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी दुसरी गाडी बघितली असती.

मस्कतच्या गाला भागातल्या एका एसी कंपनीचं स्टोअर मी सांभाळते. तांब्याचे पाईप, कॉम्प्रेसर, गॅसचे सिलिंडर आणि "मॅडम, अर्जंट" म्हणत येणारे टेक्निशियन, यांच्यात माझा जन्म चाललाय. त्या टेक्निशियनांत हे सगळ्यात जुने. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, मी भाऊ म्हणायची. कराडच्या पलीकडचं गाव, साठीला आलेले, अंगानं काटकुळे. बंद युनिटवर नुसता कान ठेवून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे आणि ते बरोबर निघायचं. सीबला कंपनीच्या खोलीवर राहायचे, म्हणून संध्याकाळी जाताना मला वाटेत अल हैलला घरी सोडायचे.

गाडी सुरू केली की पेन ड्राइव्ह लावायचे आणि म्हणायचे, "चला, मंडळी आली."

मंडळी म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला एक मोठा नाचगाण्याचा बँड. तेराचौदा माणसं, आणि पुढे मास्तर क्लॅरोनेटवाला. मला संगीतातलं ओ का ठो कळत नाही. पण रोज अर्धा तास कानावर पडलं की कळो न कळो, ओळख होतेच.

"आता बघा, ट्रंपेटवाली उठून उभी ऱ्हातील."

"तुम्हाला कसं दिसलं?"

"आवाज उंचावरनं आला न्हाई का?" ते म्हणायचे. "आन् ह्यो मागचा ड्रमवाला मास्तरावर खार खाऊन हाय. मास्तर हळू झाला की ह्यो मुद्दाम दणका देतो. बँडात एक असतोच असला."

त्या माणसांबद्दल ते शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलायचे. एकदा रहदारीत गाडी थांबली होती, तेव्हा शांतपणे म्हणाले, "ही समदी वारलेली हायत, ताई. एकबी उरला नसंल. आन् बघा कशी वाजवत्यात." मी मागच्या सीटकडे वळून बघितलं. तिथे सिलिंडर होते.

पेन ड्राइव्हवरचं सातवं गाणं आलं की मात्र ते गप्प व्हायचे. त्यात मधे क्लॅरोनेट जिना चढल्यासारखी वर वर जाते. अगदी वर पोचते, तिथे यांचं बोट सुरू. एक, दोन, तीन. आणि मग तो प्रश्न.

मी चिडकी बाई आहे. एक दिवस म्हटलंच, "भाऊ, एक तर नीट सांगा, नाहीतर हे गाणं बंद करा. माझं डोकं उठलंय."

त्या दिवशी पुढे कुठेतरी अपघात झाला होता आणि गाडी मुंगीसारखी सरकत होती. त्यांनी सांगितलं.

त्यांचे वडील, आबा, लग्नातल्या बँडचे मास्तर. आबा तरणे होते तेव्हा गावात एक सुभेदार मोठ्या लढाईवरून परतले, ते ग्रामोफोन आणि दोनचार तबकड्या घेऊन. त्यातली एक या मंडळींची. आबा रोज सुभेदारांच्या ओट्यावर जाऊन बसायचे आणि ऐकून ऐकून ते गाणं क्लॅरोनेटवर बसवायचे. तबकडीवर एक ओरखडा होता. त्या जिन्याच्या टोकाला सुई अडायची आणि क्लॅरोनेट तेच तेच म्हणत राहायची. मग सुभेदार पेटीवर बोटाच्या पेरानं टक करून मारायचे. सुई उडी मारून पुढे.

"आबांस्नी वाटलं, गाणंच तसं हाय," ते म्हणाले. "त्यांनी बँड तसाच बसवला. त्या जाग्यावर समदा बँड अडायचा. मग साइड ड्रमवाला कडेवर मारायचा टक, की समदी उडी मारून फुडं. लोक वरातीत आरडायची, मास्तर, अडणारं इंग्लिश हू द्या!"

मी हसले. खो खो हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. तेही हसले. "हसण्यासारखंच हाय," म्हणाले. आणि मग पुढचं सांगितलं, ते हसण्यासारखं नव्हतं.

भाऊ तेव्हा विशीत होते, बापाच्या शेजारी दुसरी क्लॅरोनेट वाजवायचे. एका लग्नात मुलीकडचा कुणी पुण्याचा इंजिनियर आला होता. त्यानं खरं गाणं ऐकलेलं. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "अहो मास्तर, तुमची तबकडी अडकली होती! आणि तुम्ही तेच वाजवत बसलात?" मांडव हसला. आबाही हसले. यांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या लग्नात ती जागा आली. आबा अडले. हे अडले नाहीत. सरळ पुढे वाजवत गेले. अर्धा बँड यांच्यामागे, अर्धा आबांबरोबर, सगळा विचका.

"मग?"

"मग आबांनी तोंडातनं क्लॅरोनेट काढली. म्हणले, तुझं बरोबर असंल. एवढंच. परत ते गाणं कवा वाजवलं न्हाई." मग म्हणाले, "दोन वर्सांत मी हिकडं आलो. आबा गेलं तवा मी पोचस्तोवर तेरावं झालं हुतं."

पुढची गाडी सरकली तरी यांनी आपली हलवली नाही. मागून हॉर्न वाजायला लागले.

"आता ते एकदा ऐकायचंय," ते म्हणाले. "आबांवानी अडल्यालं. मनातल्या मनात वाजवून बघतो, पर तीन डाव अडायचं का चार डाव, ते गेलंय डोक्यातनं. मी कवा कान दिलाच न्हाई, ताई. वाटायचं, हायत की आबा."

त्या दिवसापासून मी कधी चिडले नाही. उलट मीच त्या जिन्याच्या टोकाला श्वास धरून बसायला लागले.

ते खरोखर शोधत होते. त्याच गाण्याची जितकी रेकॉर्डिंग सापडतील तितकी जमवायची. स्टुडिओतलं, कुठल्या जलशातलं, मागे टाळ्या वाजतायत असं. "ह्यात अडंल बघा," म्हणायचे. एकातही अडायचं नाही. मंडळी कधी चुकायचीच नाहीत. माझी मुलगी कॉलेजात आहे, इथेच जन्मलेली, तिचं मराठी तुटकंमुटकं. ती त्यांना ही रेकॉर्डिंग शोधून द्यायची.

एकदा आमच्या घरचा एसी साफ करायला आले होते, तेव्हा ती म्हणाली, "काका, इतकं सर्च का करता? मी तो पार्ट कट करून लूप करते ना. ईझी आहे. फक्त किती टाइम्स रिपीट करू ते सांगा. थ्री की फोर?"

त्यांनी तोंड उघडलं. बोट वर गेलं. मग चहा तसाच टाकून ते उठले आणि शिडी घेऊन चालू पडले. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. "मी काय राँग बोलले?" मी म्हटलं, काही नाही गं, बरोबरच बोललीस.

गावी कुणाला तरी विचारा, असं मी त्यांना कितीदा सांगितलं. बँडमधले सगळे गेले होते, एक साइड ड्रमवाला म्हातारा तेवढा उरला होता. पण सुट्टीवर गेले तरी हे त्याच्या दारात जायचे नाहीत. "त्या दिवशी त्यो आबांच्या बाजूनं हुता. टक मारायला काठी उचलून उभा ऱ्हायलेला. त्याला कुठल्या तोंडानं इचारू?"

माझं सासर वाईचं. गेल्या सुट्टीत मी नवऱ्याला म्हटलं, चला, एका गावाला जाऊन येऊ. नवरा म्हणाला, तुला नसत्या उठाठेवी फार. पण आला.

म्हातारा ओट्यावर ऊन खात बसला होता. नव्वदीच्या घरातला, पण कान शाबूत. मी कोण, कुठली, सगळं सांगितलं आणि विचारलं, "आजोबा, मास्तर त्या जागेवर किती वेळा अडायचे? तीन का चार?"

तो बोळकं पसरून हसला. "तीन न्हाई आन् चार न्हाई. त्याला मोजमाप न्हवतंच, बाई."

"म्हणजे?"

"मास्तर पोराच्या तोंडाकडं बघायचा. पोरगं एवढंसं हुतं, झांज धरून उभं ऱ्हायचं, तवापास्नं. गाणं अडलं की त्येला लई हसू यायचं. त्ये हसलं की मास्तर मला डोळा घालायचा आन् मी टक मारायचो. कवा दोनात हसायचं, कवा सातात. फुडं पोरगं मोठं झालं, क्लॅरोनेट घिऊन शेजारी हुबं ऱ्हायलं, तरी मास्तरचं त्येच. तिरक्या नजरंनं बघत बसायचा."

शेजारी पाण्याचा तांब्या होता, त्याच्या कडेवर त्यानं नखानं एकदा वाजवलं.

"त्या दिवशी पोरगं हसलंच न्हाई," म्हणाला.

वाईला परत येताना मी गाडीत रडले. नवऱ्यानं काही विचारलं नाही, चांगला माणूस आहे. त्याच संध्याकाळी भाऊंचा व्हॉट्सॲपवर आवाज आला, "ताई, कवा येताय? मंडळी वाट बघत्यात." मी फोन हातात घेतला आणि ठेवला. स्वतःला म्हटलं, असली गोष्ट फोनवर कशाला, समोरासमोर सांगू, त्यांचं तोंड बघायला मिळेल. खरं सांगते, मला धीर झाला नाही. हे ऐकून त्यांना बरं वाटेल का ते जन्माचे मोडतील, मला कळेना. मी लिहिलं, "रविवारी येते. एक गंमत आहे तुमच्यासाठी."

गंमत म्हणाले मी त्याला.

रविवारी सकाळी स्टोअर उघडलं तर फोरमन दारातच उभा. "उस्ताद खलास, मॅडम," म्हणाला. गुरुवारी एका बंगल्याच्या गच्चीवर युनिट उघडून बसले होते, तिथेच कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. कागदपत्रं अर्बाबनं, आमच्या ओमानी मालकानं, स्वतः पळून पळून केली आणि शनिवारी पेटी विमानानं गावाकडे रवाना झाली. शनिवारी मी मस्कतला उतरले. मी खाली येत होते तेव्हा ते वर चढत असतील.

मी दिवसभर माल काढून देत होते. कुणाला दोन मीटरचा पाईप दिला, कुणाला तीन, काही आठवत नाही. एवढंच डोक्यात होतं, की दोन मिनिटांचा फोन होता तो. मला आजही माझा राग येतो.

संध्याकाळी तीच गाडी, चालवायला बिहारकडचा नवीन माणूस. त्यानं किल्ली फिरवली आणि गाणं जिथे थांबलं होतं तिथून आपोआप सुरू झालं. जिन्याच्या टोकावरून. क्लॅरोनेट तेच म्हणाली. पुन्हा तेच म्हणाली. पुन्हा.

मग मुलीचं ते लूपचं बोलणं आठवलं आणि मी तिला फोन लावला. "हो आई," ती म्हणाली, "तू नव्हतीस तेव्हा काका फिल्टर बदलायला आले होते. मी लूप करून दिला. त्यांनी नंबर सांगितलाच नाही, म्हणून मी एंडलेस ठेवला. ते थँक यू म्हणाले."

म्हणजे शेवटचं हेच ऐकत होते. त्या बंगल्यापर्यंत सगळा रस्ता, आबांबरोबर अडून. मोजत होते का? का हसू आलं होतं? शेजारी मी असते तर मला दिसलं असतं.

"मॅडम, ये तो अटक गया," ड्रायव्हर म्हणाला. त्याचं बोट बटणाकडे गेलं. "आगे कर दूँ?"

"रहने दो," मी म्हटलं. "अपने आप छूटेगा."

तो बिचारा गाडी चालवत राहिला. तीन झाले, चार झाले, सात झाले. विमानतळ मागे पडला. मी पदरानं तोंड पुसलं, समोरच्या आरशात बघितलं आणि हसायचा प्रयत्न केला. चांगलं दात दाखवून हसले. अल हैल आलं तरी ते अडलेलंच होतं.