बिनसुईचा बैल

कुणाचंही जनावर मेल्याचं कानावर आलं, की आमचे रेंजरसाहेब आधी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायचे आणि मग विचारायचे, "सुई टोचली होती का?" टोपी जनावरासाठी आणि प्रश्न गिधाडांसाठी. शेतकरी गोठ्याकडे बघत डोळे पुसत असायचा आणि हे गृहस्थ इंजेक्शनची चौकशी करत उभे. शेजारी उभ्या असलेल्या मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सवय म्हणजे किती असावी! आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत एक वयस्कर शेजारी हॉस्पिटलात वारले. साहेब भेटायला गेले, टोपी काखेत धरली आणि शेजाऱ्यांच्या मुलाला हळूच विचारलं, शेवटी सुई कुठली टोचली होती. मुलाला वाटलं, केवढी आपुलकी. तो बिचारा एकेक औषधाचं नाव सांगत बसला. मी कोपरानं ढोसलं तेव्हा कुठे साहेब भानावर आले. जिना उतरताना म्हणाले, तोंडातून निघून गेलं हो.

मी वनखात्यात हिशेबाच्या टेबलावर होतो. साहेब राहायलाही आमच्याच कॉलनीत, त्यामुळे ऑफिस सुटलं तरी माझी सुटका नव्हती. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. गिधाडं तुम्हीही लहानपणी पाहिली असतील, गावाबाहेर मेलेल्या ढोरावर भांडणारी, आणि नाक दाबून पळालाही असाल. ती हळूहळू दिसेनाशी झाली आणि आपल्यापैकी कुणी साधं विचारलंसुद्धा नाही, की गेली कुठे. त्र्यंबकच्या पलीकडे डोंगराच्या कड्यावर थोडी उरली होती. पुढे कळलं, की जनावरांना दुखण्यावर एक इंजेक्शन देतात, ते अंगात असताना ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, तर गिधाडही मरतं. तेव्हापासून साहेबांना तो प्रश्न चिकटला.

सरकारनं पैसे दिले. उगाच नावं ठेवायची नाहीत, दिले. कड्याखालच्या माळावर गिधाडांना बिनविषारी ढोरं खायला घालायची जागा करायची होती. कागदावर तिचं नाव भलं लांबलचक, आम्ही 'खानावळ' म्हणायचो. कुंपणाला तरतूद होती, फलकाला होती, लपून बघायच्या झोपडीला होती. घरट्यांवर लक्ष ठेवायला दोन पहारेकरी होते, त्यांच्या पगाराला होती. मेलेल्या बैलाला मात्र लेखाशीर्षच नव्हतं. मी साहेबांना म्हटलं, खानावळ मंजूर आहे, जेवण मंजूर नाही. ते म्हणाले, जेवण पाड्यावरचे लोक घालतील. मी हसलो. पण लोक खरंच ढोरं आणून टाकायला लागले, मग माझं हसणं राहिलं बाजूला.

फलक रंगवायला पंचवटीतला एक पेंटर धरला. त्याचा हात देवादिकांवर बसलेला, त्यानं गिधाडाच्या डोक्यावर छानपैकी मुकुट काढला. आठवड्याच्या आत पाड्यावरच्या बायकांनी फलकाला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. मी म्हटलं, साहेब, वरून कुणी आलं तर आपली लाज जाईल, मुकुट पुसून घेऊ. साहेबांनी साफ नाही म्हटलं. हळदकुंकू वाहिलेल्याला कुणी दगड मारत नाही, हे त्यांचं शास्त्र.

घरी मात्र त्यांचं शास्त्र चालत नव्हतं. माळावरून आले की कपड्यांना असा वास यायचा, की जिन्यातली मांजरं मागे लागायची. वहिनी पदर नाकाला लावून दारातच उभ्या असायच्या. गॅलरीत पाण्याची बादली आणि साबण तयार. आधी अंघोळ, मग चहा. एकदा त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या वडिलांनी पत्रिका बघितली, पगार बघितला. वास कुणी बघितलाच नाही हो." साहेब आतून अंग पुसत हसत होते.

पहिलं वर्ष सरलं. पुढचे पैसे हवे असतील तर वरचं पथक येऊन बघणार होतं, पक्षी उतरतात की नाही. उतरले तर योजना पुढे, नाहीतर खानावळीला कुलूप आणि पहारेकरी घरी. पहारेकरी गेले की उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागतो आणि घरटी पिल्लांसकट जळतात, हे साहेबांनी स्वतः बघितलं होतं. आणि नेमकं त्याच दिवसांत पंचक्रोशीत एक ढोर मरेना. साहेब रोज पाड्यापाड्यातून फिरून रिकाम्या हातानं परत. दुसऱ्याचा बैल मरायची वाट बघायची आणि मेला की टोपी काढायची, असली नोकरी कुणाच्या वाट्याला येऊ नये.

पथक यायच्या दिवशी सकाळी पाड्यावरचा काळूबाबा गाडीत बैल घालून घेऊन आला. धिप्पाड बैल, आदल्या संध्याकाळी मेलेला. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. वर बघतो तर गिधाडं कड्यावरून सुटून घिरट्या घालायला लागलेली. साहेबांनी टोपी काढली, काखेत धरली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

काळूबाबा बैलाच्या शिंगावरून हात फिरवत राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं, पथक येणार, पैसे येणार, पहारेकऱ्यांपैकी एक तर त्याचा जावई. नाही म्हटलं असतं तर कुणाला काय कळणार होतं?

"टोचली व्हती, सायेब," तो म्हणाला. "पाय लय सुजला व्हता. डाक्टर परवाच येऊन गेला."

साहेब मटकन दगडावर बसले. मी जवळ जाऊन म्हटलं, साहेब, एवढा आजचा दिवस. पक्षी उतरले, पथकानं बघितलं, की लगेच हुसकावून बैल हलवू. मला अजूनही वाटतं की मी चुकीचं बोललो नाही, माझं टेबल तसंच बोलतं.

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "उतरलं की ते खातंच हो. त्याला कुठे ठाऊक, आज पाहणी आहे."

मग उठले आणि मजुरांना खड्डा खणायला लावला. एक फावडं स्वतः घेतलं. बैल पुरला, वर दगड रचले, तोवर गिधाडं कंटाळून कड्यापलीकडे निघून गेली. जीपगाड्यांचा धुरळा दिसला तेव्हा आकाश स्वच्छ होतं.

पथकानं कुंपण बघितलं, झोपडी बघितली, मुकुटासमोर जरा थबकलं. मोठ्या साहेबांनी विचारलं, पक्षी कुठे आहेत?

आमचे साहेब घामानं निथळत होते, हाताला माती. म्हणाले, "आहेत साहेब. जिवंत आहेत."

पुढच्या वर्षी पैसे आले नाहीत. मी दोनदा प्रस्ताव पाठवला, दोनदा परत आला. पहारेकरी घरी बसले. पण उन्हाळा लागला, की काळूबाबाचा जावई बिनपगारी कड्यावर जाऊन बसायचा, आणि साहेब निवृत्त झाल्यावरही स्कूटर काढून पाड्यांवर फिरायचे. पुढे सरकारनं ते इंजेक्शन जनावरांसाठी बंद केलं, तरी माणसांसाठीचं दुकानात मिळायचंच, आणि लोक तेच ढोरांना टोचायचे. त्यामुळे साहेबांचा प्रश्न काही बंद झाला नाही, आणि वहिनींची बादलीही.

साहेब अचानकच गेले. ध्यानीमनी नसताना, दुपारच्या झोपेत. दहाव्याला आम्ही सगळे गोदावरीवर जमलो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे पायऱ्यांवर बसून नुसते बघत होते. मुलानं आईला सांभाळीन म्हणून सांगितलं. ऑफिसातले कुणी काय, कुणी काय बोलले. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, तरी मीही पुटपुटलो, की साहेब, प्रस्ताव पुन्हा पाठवतो. कावळे ढिम्म.

गर्दीमागे काळूबाबा उभा होता. पहाटेच माळावरून निघून तसाच आला होता. लोकांनी वाट दिली तसा तो पुढे झाला. त्यानं टोपी काढली, काखेत धरली.

"सायेब, परवा बैल टाकलाय," तो पिंडाकडे बघून म्हणाला. "सुई नाय टोचलेली."

थोड्या वेळानं कावळा आला. मुलाला वाटलं आपल्या शब्दामुळे, मला वाटलं माझ्या. वहिनी मात्र पिंडाकडे बघतच नव्हत्या. त्यांनी काळूबाबाला विचारलं, "उतरली का?"

"उतरली ना, बाईसाहेब. आज सकाळी निघालो तवा नुसती हाडं व्हती."

त्याच्या सदऱ्याला तोच वास येत होता. आम्ही चार माणसं नकळत मागे सरकलो. वहिनी सरकल्या नाहीत. पदर नाकाला न लावता त्या तिथेच, त्याच्याजवळ, बराच वेळ उभ्या राहिल्या.