दोन गाठींचं माप

मी मापाच्या दोऱ्याच्या गाठी सोडवल्या आणि त्या दोऱ्यानं माझे पायमोजे बांधले.

हे असं एका ओळीत सांगितलं की फार किरकोळ वाटतं. मलाही तेव्हा किरकोळच वाटलं होतं. उलट गाठी सुईनं उकलता उकलता मी स्वतःवर खूश होतो. दहा मिनिटं लागली. बायको गाठ मारते ती जन्माची मारते.

मुलाचं लग्न ठरलं होतं. शनिवार-रविवार नाशिकला बहिणीकडे राहायचं, शनिवारी कापडचोपड, रविवारी सराफ, असा बेत होता. बॅग भरायचं काम मी मागून घेतलं. पिंपळगावात इतकी वर्षं द्राक्षाच्या पेट्या भरण्यात गेली, पेटीत बोट जाईल एवढी फट मी कधी ठेवली नाही. त्यात आदल्याच आठवड्यात मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. खरेदीला जाताना बॅग शहाण्यासारखी कशी भरावी, यावर एक पोरगी बोलत होती. कपड्यांच्या घड्या घालू नका, गुंडाळ्या करा, प्रत्येक गुंडाळी बांधा, अर्धी बॅग खरेदीसाठी मोकळी ठेवा आणि बिनकामाची एकही वस्तू सोबत नेऊ नका.

मी सदरा लाटायला घेतला तेव्हा बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, पोळपाट देऊ का?"

"बघ तू. अर्धी बॅग रिकामी दाखवतो."

"दाखवा. माझ्या साड्यांना तेवढं हात लावू नका."

साड्या सोडून सगळ्याला हात लावला. सुतळी संपली आणि पायमोज्यांची गुंडाळी तेवढी राहिली. बिनकामाचं काही राहिलं का म्हणून बॅगेच्या बाजूचा कप्पा तपासला, तर तिथं कुंकवाची रिकामी डबी. रिकामी डबी कोण नेतं? उघडली, तर आत लाल दोरा, दोन गाठी मारलेला. देवाला आपली काळजी आहे, असं मला वाटलं. गाठींमुळे दोरा आखूड पडत होता, म्हणून त्या उकलल्या. डबी होती तिथं परत ठेवली, कारण मी शिस्तीचा माणूस.

बहिणीनं बॅग उघडली आणि कपाळाला हात लावला. "दादा, सुरळीच्या वड्या आणल्यास का रे?" बायको हसली. मीही हसलो. पायमोजे घातले, दोरा खिशात टाकला आणि दुपारभर मेन रोडला साड्यांच्या ढिगासमोर मांडी घालून बसलो. बॅगेत अर्धी जागा मोकळी होती. मी ती दोनदा सगळ्यांना दाखवली.

संध्याकाळी चहा झाल्यावर बायकोनं पदराआडून रुमाल काढला. त्यात तिच्या पाटल्या होत्या. तिच्या आईनं लग्नात स्वतःच्या हातातल्या उतरवून तिला घातलेल्या. तेव्हापासून तिनं त्या काढल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"साबण लावून काढल्या," ती बहिणीला सांगू लागली. "सुनेला घालणार आहे. माझ्या आईनं घातल्या तशाच, मांडवात. तोवर तिला कळू द्यायचं नाही. फक्त तिच्या मापाच्या करून घ्यायच्यात उद्या."

"मग माप कसं घेतलंस, वहिनी?"

"वणीला गेले होते ना, तिथून लाल दोरा आणलेला. तिच्या घरी गेले तेव्हा तिला म्हटलं, अंगठा आत घे, मूठ मिट, देवीचा धागा आधी असा मोजून घ्यायचा असतो. वेढा दिला, दोन गाठी मारल्या. गाठीपासून गाठीपर्यंत माप. मग म्हटलं, अगंबाई, हा नाही, दुसरा राहिला घरी. कुंकवाच्या डबीत ठेवलाय जपून."

तोंडात फरसाण होतं. ते गिळायचं कसं हे मी विसरलो.

सांगून टाकायचं होतं. वाक्य तयारही होतं. पण महिन्यापूर्वी सुपारी फोडून निघताना मी व्याह्यांच्या चपला घालून घरी आलो होतो. ते बिचारे सुटीच्या दिवशी दोन बोटं लहान पडणाऱ्या माझ्या चपला घेऊन मोटारसायकलवर आले. त्या दिवशी बायको मला म्हणाली होती, "लग्न होईपर्यंत आता एकही घोळ नको. हात जोडून सांगते." ती हात जोडून सांगते तेव्हा ती विनंती नसते.

मी फरसाण गिळलं आणि वाक्यही गिळलं.

सकाळी बायको आंघोळीला गेली, तसा मी बहिणीचा वाचायचा चष्मा लावून गॅलरीत गेलो. आशा एकच होती. जिथं गाठ असते तिथं दोऱ्याला वाकण राहतं. दोन वाकणं सापडली की गाठी परत तिथंच मारायच्या. दोरा उजेडात धरला. वाकणं पाच होती. दोन तिच्या गाठींची, बाकीची माझ्या पायमोज्यांची. खाली घंटागाडीचं गाणं सुरू झालं, आत न्हाणीघरात पाणी पडत होतं आणि मी पाचातून दोन निवडत होतो. सुनेचा हात आठवून पाहिला. तिनं एकदाच माझ्या हातात चहाचा कप दिला होता आणि माझं लक्ष खारीवर होतं.

पाण्याचा आवाज थांबला. मला जी दोन वाकणं जास्त प्रामाणिक वाटली, तिथं मी गाठी मारल्या आणि दोरा डबीत टाकला.

सराफ बाजारात जाताना ती पुढं, मी बॅग घेऊन मागं. तिथूनच परस्पर घरी निघायचं होतं. तिच्या मनगटांवर पाटल्यांच्या जागी फिकट कातडीचा पट्टा उमटला होता. एरवी चालताना ती हात हलवते. त्या दिवशी दोन्ही हात पोटाशी धरून चालत होती. रस्त्यात तीनदा मी तोंड उघडलं. एकदा रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, एकदा ती म्हणाली, "चला ना लवकर," आणि तिसऱ्यांदा काहीच झालं नाही, तरी मी मिटलं.

सराफ जुन्या ओळखीचे, आमच्या दोन पिढ्यांचं सोनं त्यांच्याकडचंच. त्यांनी दोरा पितळी दांडीवर लावला, चष्मा कपाळावर ढकलला.

"ताई, मुलीचा हात बराच बारीक दिसतो."

"बारीकच आहे," बायको म्हणाली. मग जरा थांबून, "इतका वाटला नव्हता तेव्हा."

माझ्या पायात तेच पायमोजे होते. ते घामानं ओले झाले होते.

"बघा हां," सराफ म्हणाले, "कमी करणं सोपं. पण जास्त कापलं गेलं तर मग नव्या सोन्याचा तुकडा घालून जोडावं लागेल. जुन्याचा रंग त्याला येत नाही. जोड दिसत राहील जन्मभर."

"माप मी माझ्या हातानं घेतलंय. कापा तुम्ही."

तिनं इतक्या विश्वासानं सांगितलं की सराफांनी पुढं काही विचारलं नाही. पाटली पकडीत बसवली. केसासारखी बारीक करवत तिच्यावर ठेवली. बायको पुढं वाकली आणि पदराचं टोक तिनं मुठीत धरलं. करवत एकदा ओढली गेली.

"थांबा!"

आवाज माझाच होता, पण मी तो पूर्वी ऐकला नव्हता. बाजूच्या गिऱ्हाइकाच्या हातातलं पैंजण खाली पडलं.

"गाठी माझ्या आहेत," मी म्हणालो. "तिच्या मी सोडवल्या. पायमोजे बांधायला. या सकाळी मारल्या, अंदाजानं."

बायकोनं हात पुढं केला. सराफांनी पाटली पकडीतून काढून तिच्या तळव्यावर ठेवली. बारीक एक रेघ उठली होती. तिनं रेघेवर अंगठा फिरवला. मी म्हणालो, "मला वाटलं बिनकामाचा दोरा..." आणि माझं मलाच ते वाक्य पुढं नेणं जमेना.

"भाऊ," सराफ म्हणाले, "माप घरी विसरून येणारे आठवड्याला चार असतात. खोटं घेऊन आलेले तुम्ही पहिलेच."

बायकोनं पर्समधून फोन काढला. नंबर लावला नाही, नुसता हातात धरून बसली. मांडवात घालायच्या होत्या तिला, सुनेला आधी काही न कळता. ते सगळं त्या फोनात संपणार होतं, हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं. शेवटी तिनं लावला.

"बाळा, तुला बांगडी कितीची लागते गं?... नाही, सहजच."

दुकानात इतकी शांतता होती की पलीकडचं सगळं ऐकू आलं.

"दोन चार, आई." मग जरा थांबून, "दोरा हरवला का?"

"कोणता दोरा?"

"देवीचा धागा कोणी मुठीला बांधतं का, आई? मला तेव्हाच समजलं. पण तुम्ही इतक्या मनापासून खोटं बोलत होता, म्हणून मी गप्प बसले. मांडवात घालाल तेव्हा मी रडेन बरं का. आत्ता नाही."

बायको हसली आणि तिनं पदरानं डोळे पुसले. सराफांनी दांडीवर दोन चारची खूण पाहिली, मग माझ्या गाठी पाहिल्या, आणि दोन्हींमधलं अंतर मला बोटांनी दाखवलं. सहज बोट जाईल एवढी फट होती.

पाटल्या तयार होईपर्यंत आम्ही शेजारी बसलो. रेघ होती तिथंच कापलं गेलं आणि तिथंच जोडही बसला. घासल्यावर काही दिसेना. सराफांनी पाटल्यांची डबी पुढं केली. निदान एवढं तरी नीट करावं म्हणून मी बॅगेची चेन उघडली, एक सदरा बाजूला सरकवला आणि डबीसाठी छान मोकळी जागा केली.

बायकोनं डबी स्वतःच्या पर्समध्ये टाकली, माझा हात बाजूला केला आणि चेन बंद केली.

"बॅग भरू नका तुम्ही. उचला फक्त. त्याला डोकं लागत नाही."