दोघांचा भात

वाढलेले वजन मधुमेहाला आणि रक्तदाबाला वाट करून देते, हे मी शाळेत अनेक वर्षे शिकवले. पण ते वजन मुळात वाढते कशाने, हा प्रश्न मला माधवनगरच्या एका दवाखान्यात नव्याने पडला.

बाकावर माझ्या शेजारी एक निवृत्त सैनिक बसले होते. बसताना त्यांनी फौजेतला पट्टा सैल केला. त्याची शेवटची तीन भोके खिळ्याने पाडलेली होती. पायाच्या अंगठ्याची जखम महिनाभर भरत नव्हती. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असे डॉक्टरांनी त्यांना बजावले होते.

"गाव म्हणतंय, लय तब्येत केलीसा. डॉक्टर म्हणतोय, तब्येत बिघडली. दोघं एकाच पोटाकडं बघून बोलत्यात," ते हसून म्हणाले.

रोज जेवणात काय असते, असे मी विचारले.

"तुमी मास्तर दिसताय जणू," ते म्हणाले. मग सांगू लागले, "भात. कारभारीण जाऊन दोन वर्सं झाली, पर हात अजून दोघांचाच टाकतोय. फेकायचं जिवावर येतं, मग तिच्या वाटचाबी मीच खातो."

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला आणि ते लंगडत एकटेच आत गेले.

एकाकीपणानेही वजन वाढते, हे मी एकाच माणसावरून काढलेले अनुमान आहे. तुमच्या ओळखीत कोणी एकटे जेवत असेल, तर जेवणाच्या वेळी त्याच्याकडे जा आणि हे खरे आहे का, ते स्वतः पडताळून पाहा.