मोहाखालचा व्हिडिओ
अंगणात मोहफुलं वाळत घातली की त्यांच्या गोडसर वासानं मला वनरक्षकाचा टॅब आठवतो. काही वर्षांपूर्वी तो सकाळीच घरी आला आणि म्हणाला, “काकू, झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात तुम्ही आल्या, पाहा.” मी आणि धाकटी जाऊ टॅबवर वाकलो. व्हिडिओत मी मोहाखाली बसून फुलं वेचत होते. मागच्या झुडपातून कोणीतरी मोठा श्वास सोडला. मान न वळवताच मी म्हणाले, “थकली का वो? बस जराशी, माही टोपली भरूनच राहिली.” झुडपात वाघ बसला होता. मी बोलले की त्याचे कान हलत. मी टोपली घेऊन निघाले, तेव्हा तो उठला, माझी जागा हुंगली आणि तिथंच बसला. “मले वाटलं, मांगं तूच आहेस,” मी जावेला म्हणाले. तिनं माझा हात घट्ट धरला. “मी तं कवाचीच नाल्यावर पाणी प्याले गेली होती.” वनरक्षकानं व्हिडिओ पुन्हा लावला. मी डोळे मिटले, तरी माझाच मायेचा आवाज कानावर येत राहिला. आजही रानात मी आधी जावेला हाक मारते आणि तिची ओ आल्याशिवाय खाली वाकत नाही.