दिसंल एवढ्या अंतरावर

माकडांना आमच्या मामांइतका मान देणारा माणूस अख्ख्या दौंड तालुक्यात झाला नसेल. मामा यवतला हायस्कूलवर विज्ञान शिकवायचे आणि माणसाची कुठलीही खोड त्यांना थेट लाखो वर्षांमागच्या जंगलात नेऊन सोडायची. एसटी थांबायच्या आत खिडकीतून सीटवर रुमाल टाकणारा दिसला की ते खूश. "बघ, हद्द आखली पठ्ठ्यानं! जनावर झाडाला अंग घासतं, ह्यो रुमाल टाकतो." टपरीवर चहाबरोबर गावाची उणीदुणी निघाली की म्हणायचे, "चालू द्या. माकडं एकमेकांच्या उवा काढत्यात, त्यातनंच त्यांची दोस्ती टिकती. आपल्या अंगावर तेवढं केस ऱ्हायलं न्हाईत, मग करणार काय?" कुणी चिडवलं, "म्हंजी सर, आपण माकडाची औलाद?" तर भडकायचे. "औलाद न्हाई रं, भाऊबंद!" भाऊबंद म्हटलं की आमच्याकडं लोकांना लगेच पटायचं.

आम्ही हसायचो खरं, पण एकदा हायवेच्या ढाब्यावर त्यांनी मला गप्प केलं. समोरच्या बाकड्यावर एक सरदारजी ड्रायव्हर, दोन बिहारी पोरं आणि आपला एक ट्रॅक्टरवाला खांद्याला खांदा लावून जेवत होते. ओळख ना पाळख. सरदारजीनं न विचारता कांद्याची ताटली पोरांपुढं सरकवली. मामांचा घास हातातच राहिला. "तीन टोळ्यांची चार माणसं, आन् कोण कुणाला चावत न्हाई! वानरं आसती तर रगात सांडलं असतं. हे शिकायला किती पिढ्या गेल्या आसतील रं?"

लग्नात कुणी रुसलं की मात्र मामांची दिवाळी. "टोळीतनं जो मागं पडला तो मेला. ते भ्या आजून पोटात हाय. म्हणून रुसणारा लांब जात न्हाई बघ, दिसंल एवढ्या अंतरावर बसतो. कुणीतरी न्यायला यावं म्हणून."

आणि मग आमच्या ताईचं लग्न आलं. वडील लवकर गेले, तेव्हापासून ताई मामांच्याच घरी राहून शिकलेली. भांडगावला मांडव. अक्षतांआधी माइकवरून एकेकाला पुकारून फेटे बांधणं चाललेलं. सरपंच झाले, सोसायटीचे चेअरमन झाले, नवरदेवाच्या तालमीतले दोस्तसुद्धा झाले. मुलीच्या मामांचं नाव तेवढं राहिलं. घरचाच माणूस, कोण पुकारणार! थोड्या वेळानं भटजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मामा गायब. मुहूर्त टळायला आला, व्याही एकमेकांकडं बघू लागले आणि आईच्या डोळ्यांना धार लागली.

मला शोधावं लागलं नाही. मांडवासमोरच्या लिंबाखाली, कुणाच्या तरी मोटरसायकलवर, पाठ फिरवून मामा बसले होते. "मामा, चला की." "माझं काय काम हाय तिथं? चेअरमनला घेऊन जा!" हसू आलं, पण त्यांची हनुवटी थरथरत होती. जन्मभर जिला हसले, त्या लाखो वर्षांच्या भीतीनं आज त्यांनाच गाठलं होतं.

तेवढ्यात मागं बांगड्या वाजल्या. मुंडावळ्या बांधलेली ताई गौरीहरावरून उठून भर मांडवातून उन्हात चालत आली होती. तिनं मामांचा हात धरला. "मामा, चला. टोळी थांबलीय."

मामा वळले. गालांवरून पाणी वाहत होतं. "किती येळ लावलास गं पोरी," एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही कुठल्याही लग्नाला गेलो, की अक्षता पडायच्या आधी मांडवाबाहेरच्या झाडाखाली एकदा बघून येतो. कुणी बसलेलं असलं, तर हात धरून आत आणतो.